ढब्बू अस्वलाला काहीच होत नाही

भिंगरी वरच्या मजल्यावरून आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरली आणि मधोमध उभी राहून तिने जाहीर केलं, "मी आता कच्चं लिंबू नाही."

ज्या भाग्यवंतांना लहानपणी कधी कच्चं लिंबू व्हावं लागलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. खेळात एक पोर सगळ्यात लहान असतं. त्याला नको म्हटलं तर ते भोकाड पसरतं, मग त्याची आई येते आणि खेळच मोडतो. म्हणून त्याला खेळायला घ्यायचं, पण धरायचं नाही. ते पकडलं गेलं तरी आऊट नाही, पळून सुटलं तरी कुणाला कौतुक नाही, आणि त्याच्यावर राज्य म्हणून कधी येत नाही. वरवर पाहता हे मोठं सुखाचं पद आहे. कचेऱ्यांमधून अशा पदासाठी लोक वशिले लावतात. पण भिंगरी सहा वर्षांची होती, आणि त्या वयात माणसाला स्वाभिमान असतो.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, जिला अख्खी बिल्डिंग ताई म्हणत असे, दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती मुलं जमवून एक गोष्टीचा खेळ चालवायची. ताई सांगणार, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, काय करता? मग कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर होऊन आपण काय करणार ते सांगायचं. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा. मोठा आकडा पडला की वाहवा, छोटा पडला की फजिती. भिंगरी आतापर्यंत त्या टेबलाच्या कोपऱ्यावर 'गुहेतलं वटवाघूळ' म्हणून बसत होती. वटवाघळाने मधूनमधून चीं चीं करायचं, एवढंच काम. फासा वटवाघळाला नसे.

"ताई म्हणाली, या रविवारी स्वतःचं पात्र घेऊन ये," भिंगरीने मुठीतला चुरगळलेला कागद पुढे केला. "मग फासा मिळेल. घरातल्या मोठ्या माणसाची मदत घेतली तरी चालेल."

कागदावर ताईने मोजकंच लिहिलं होतं. स्थळ: धूर निघणारी गुहा. पात्राचं नाव. दहा गुण, ते ताकद, चपळाई आणि अक्कल यांत वाटायचे. पिशवीत एक वस्तू. आणि शेवटी एक उणीव. भिंगरीच्या आईने कागद वाचला आणि म्हणाली, "अगं, हे तर पाच मिनिटांचं काम आहे. बस इथे, कणीक मळता मळता करून टाकू."

इथे हे प्रकरण संपलं असतं. पण बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कागदपत्रांचं काम माझ्याकडे द्या."

भिंगरीचे बाबा विमा कंपनीत होते, नुकसानभरपाईच्या खात्यात. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाचं दुकान भिजलं, कुणाची गाडी विजेच्या खांबाला भेटली, की त्याचे कागद त्यांच्या टेबलावर येत. इतकी वर्षं हेच वाचून त्यांची अशी समजूत झाली होती की जगात माणूस चालतो तो घसरण्यासाठी आणि पाणी तापतं ते सांडण्यासाठी. घरातल्या स्टुलाच्या चारही पायांना त्यांनी रबर लावलं होतं. त्यामुळे ते स्टूल सरकवायला दोन माणसं लागत, पण ते कधी घसरलं नाही हे कबूल करायला हवं.

"बोला," बाबा पेनाचं टोपण काढून म्हणाले. "कोण व्हायचंय? राजकन्या?"

"अस्वल," भिंगरी म्हणाली. "त्याचं नाव ढब्बू. ते पोस्टमन आहे. गुहेत राहणाऱ्या लोकांना पत्रं नेऊन देतं."

"गुहेतल्या लोकांना पत्रं कोण पाठवतं?"

"दुसऱ्या गुहेतले लोक."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी लिहून घेतलं. "आता उणीव. म्हणजे त्याला काय जमत नाही?"

"त्याला ना, उजवं-डावं कळत नाही," भिंगरी तत्परतेने म्हणाली, आणि बाबांकडे बघून गोड हसली.

बाबांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं काही लिहायचं नसतं. दुसरं सांग."

आता हे पेन का थांबलं, ते आपल्याआपल्यात सांगून ठेवतो. उजवं-डावं खुद्द बाबांनाच कळत नसे. लहानपणापासून नाही. शाळेत कवायतीला त्यांनी बाजूच्या मुलाकडे बघून निभावून नेलं, आणि पुढे एक युक्ती शोधून काढली: ज्या हाताने आपण लिहितो तो उजवा. म्हणून कुणी 'उजवीकडे' म्हटलं की ते गुपचूप बोटांनी हवेत 'अ' काढून बघत. जो हात वळवळला तो उजवा. जमिनीवर हे खपून जाई. पण स्कूटरवर हाच हात नेमका अॅक्सिलरेटरवर असतो. मागून बायको "आता डावीकडे" म्हणाली की बाबांची बोटं मुठीवर 'अ' काढत आणि स्कूटरला एक सणसणीत उचकी लागे. "कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार," बाबा म्हणत. त्या कार्ब्युरेटरपायी आजवर दोन मेकॅनिक बदलून झाले होते. खरं काय ते एकट्या भिंगरीला ठाऊक होतं. ती पुढे, हँडलजवळ उभी राहत असे आणि तिला सगळं दिसत असे. एका सिग्नलला बाबांनी तिला आइस्क्रीम देऊन शब्द घेतला होता, की हे आपल्या दोघांचं गुपित.

तर भिंगरीच्या अस्वलाची उणीव अशी जागच्या जागी नामंजूर झाली. तिच्याऐवजी बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कामात स्वतःला फार झोकून देतो.' नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी हेच सांगितलं होतं आणि ते साहेबांना आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कागद ऑफिसात घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत नीट टाइप करावा, एवढाच हेतू. टाइप करून, टेबलावर ठेवून ते हात धुवायला गेले. आणि नव्या शिपायाने, जो साहेबांच्या नजरेत भरण्यासाठी त्या आठवड्यात फार धडपडत होता, टेबलावरचे सगळे कागद गोळा करून आवक विभागात नेऊन दिले. बाबा परत आले तोवर ढब्बू अस्वलावर तारखेचा शिक्का बसून ते छाननीला गेलं होतं.

छाननीला ज्या बाई होत्या, त्यांच्या हातून आक्षेपाशिवाय एकही कागद पुढे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या स्वतःच्या रजेच्या अर्जावरही आक्षेप काढत, असं लोक म्हणत. बाबा धावत त्यांच्यासमोर उभे राहिले.

"अहो बाई, तो कागद माझा आहे. खाजगी. मुलीच्या खेळातलं अस्वल आहे ते."

"कळलं मला, मी वाचलंय," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "अस्वल असो नाहीतर मंत्री असो, अपुरा कागद माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही. तुमचं अस्वल गुहेत जातं. गुहेत धूर आहे. म्हणजे आग आहे. आगीपासून संरक्षणाची तरतूद कुठाय?"

बाबा रागावून काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी कागद उलटून पाहिला. तरतूद खरंच नव्हती.

"व्यवसाय टपालवाटप," बाई पुढे वाचू लागल्या. "म्हणजे पायी फिरणं आलं. खड्डे आले. नदी ओलांडावी लागली तर? आणि मला सांगा, वय कुठाय अस्वलाचं?"

आक्षेप लागलेला कागद घेऊन बाबा जागेवर परतले ते विचारात गढून. आपल्या पोटच्या पोरीला आपण धूर निघणाऱ्या गुहेत नुसती पत्रांची पिशवी देऊन पाठवणार होतो, या कल्पनेने त्यांना दरदरून घाम फुटला. दुपारभर त्यांनी जळालेल्या एका गोदामाचा कागद हातात धरला आणि विचार ढब्बूचा केला.

अडचण एकच होती. ताईच्या नियमाप्रमाणे पिशवीत वस्तू एकच चालणार होती. पण ज्या माणसाचा जन्म नियमांच्या फटी बुजवण्यात गेला, त्याला त्या फटी कुठे असतात हेही माहीत असतं. बाबांनी लिहिलं: 'आपत्कालीन संच, नग एक.' वस्तू एकच. तिच्या पोटात काय काय आहे, याबद्दल नियम काही बोलत नव्हता. पोटात मग अग्निरोधक कोट आला, पोहण्याचं जाकीट आलं, शिरस्त्राण, दोर, टॉर्च, टॉर्चचे जादा सेल आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आल्या. दहा गुणांपैकी त्यांनी तिन्ही खात्यांना तीन तीन दिले आणि एक राखीव ठेवला. राखीव काही नसलं की त्यांना रात्री झोप येत नसे.

संध्याकाळी जिन्यात तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भेटले. बाबांच्या हातात ढब्बूची फाईल दिसली आणि हेडमास्तरांनी ती मागून घेतली. हातात आलेला कागद लाल पेन्सिलीने तपासल्याशिवाय परत द्यायची त्यांना सवय नव्हती.

"अक्कल तीन?" ते म्हणाले. "फक्त तीन? आमच्या वेळी तीन अकलेवर कुणी पोस्टमन होत नसे. आणि या पात्रापासून बालकांनी बोध काय घ्यायचा?"

"बोध असा नाही, खेळ आहे तो."

"बोध नाही म्हणजे काय? लिहा, पहाटे उठतो. लिहा, वडीलधाऱ्यांचं ऐकतो. अहो, पोरं अस्वल बघून शिकतात."

बाबांनी लिहून घेतलं. वरून दातांचे डॉक्टर उतरत होते. अस्वल हा शब्द कानावर पडताच ते थबकले. "अस्वल म्हणजे मध. मध म्हणजे कीड," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "मी माझं कर्तव्य म्हणून सांगतो, पुढे तुमची मर्जी." संचात टूथब्रश गेला. घरी येऊन बघतात तर भिंगरीच्या आत्याचा फोन. तिला म्हणे भिंगरीनेच सगळं सांगितलं होतं.

"अरे दादा, मुलीला अस्वल काय देतोस? काहीतरी नाजूक दे. हंस दे, हरीण दे."

"अस्वल तिने निवडलंय," बाबा ताठ आवाजात म्हणाले. "त्यात मी ढवळाढवळ करत नाही." हे ते मनापासून म्हणाले, हेच तर विशेष.

भिंगरीची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर लोकांना सुया टोचून आल्यामुळे घरी ती शक्यतो कुणाला टोचत नसे. पण शनिवारी फाईल तिच्या हातात आली, अनुक्रमणिकेसकट, तेव्हा तिला राहवलं नाही. "अहो, हे अस्वल एवढं सगळं घालून चालणार कसं?"

"सावकाश," बाबा म्हणाले.

"आणि भिंगरीला वाचता कुठे येतं एवढं?"

"वाचायची वेळच येणार नाही. तशी तरतूद केली आहे."

भिंगरी सोफ्यावर पालथी पडून फाईलच्या शेवटच्या पानामागे अस्वलाचं चित्र काढत होती. अस्वलाच्या डाव्या पायात उजवा बूट होता. बाबांना अर्थातच ते कळलं नाही.

रविवारी सकाळी भिंगरी फाईल छातीशी धरून वर गेली. मोठ्यांना खेळात प्रवेश नव्हता. पण डॉक्टरांच्या दाराची बिजागरी करकरते असं बाबांना अचानक आठवलं, आणि ते तेलाची कुपी घेऊन वर हजर झाले. बिजागरीला तेल घालायला दार उघडं ठेवावं लागतं, आणि उघड्या दारातून टेबल दिसतं, याला त्यांचा नाइलाज होता. तिथे हेडमास्तर आधीच पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. स्वतःचा तळमजला सोडून ते वर वाचायला का आले, हे बाबांनी विचारलं नाही आणि बिजागरी कधीपासून करकरते हे हेडमास्तरांनी विचारलं नाही.

आत ताईने फाईल चाळली. चाळता चाळता तिच्या भुवया वर वर गेल्या. पण मुलगी नियमाची पक्की. कागदावर आहे ते आहे, असं म्हणून तिने खेळ सुरू केला. टेबलाभोवती डॉक्टरांच्या शेजारची जुळी होती, एक योद्धा आणि एक जादूगार, आणि एक चष्मेवाला मुलगा होता, तो चोर. भिंगरी त्यांच्यामध्ये उशीवर बसली होती आणि फाशाकडे असं बघत होती की फाशाच्या जागी दुसरं कुणी असतं तर लाजलं असतं.

"जंगलातून जाताना झाडावरून एक मोठी फांदी तुमच्यावर कोसळते," ताई म्हणाली. "फासे टाका!"

जुळ्यांनी टाकले. एक वाचला, एकाला टेंगूळ आलं, हशा पिकला. भिंगरीने फाशाकडे हात नेला.

"थांब गं," ताई फाईलमध्ये बघून म्हणाली. "ढब्बूच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे. त्याला काहीच होत नाही. पुढे."

दाराआड बाबांनी समाधानाने बिजागरीला तेल दिलं. पुढे नदी आली. चोर वाहून जाता जाता वाचला, जादूगाराची टोपी गेली, आरडाओरडा झाला. ढब्बूला जाकीट होतं, त्याला काहीच झालं नाही. राक्षसी कोळ्याने जाळं टाकलं तेव्हा ढब्बू तिथे पोचलाच नव्हता, कारण तो सावकाश चालत होता. मग गुहा आली, ड्रॅगन आला, त्याने आग ओकली. सगळी मुलं किंचाळून टेबलाखाली शिरली. भिंगरीही शिरायला निघाली होती.

"ढब्बूला अग्निरोधक कोट आहे," ताई आता जरा अवघडून म्हणाली. "त्याला काहीच होत नाही."

"म्हणजे ही कच्चं लिंबूच आहे," चष्मेवाला टेबलाखालून म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोडसाळपणा नव्हता. त्याने फक्त परिस्थिती सांगितली.

बाबांच्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली. काहीतरी चुकलंय हे त्यांना समजलं, आणि ते काय हे समजायच्या आत ताईने पाणी प्यायची सुट्टी दिली आणि भिंगरी बाहेर आली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं बाबांना वाटलं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला एकदाही फासा टाकायला मिळाला नाही."

"अगं पण तू वाचलीस ना सगळ्यातून," बाबा म्हणाले.

"मला वाचायचं नव्हतं, मला खेळायचं होतं," भिंगरी म्हणाली. "ज्याचं काहीतरी होतं त्यालाच फासा मिळतो. ढब्बूचं काहीच होत नाही."

बाबांनी आयुष्यात पुष्कळ तक्रारी ऐकल्या होत्या. माझं फार नुकसान झालं, म्हणून माणसं त्यांच्यासमोर ओरडली होती, टेबलं आपटली होती. पण माझं काहीच झालं नाही, म्हणून कुणी असं बघितलं नव्हतं. बाबा तिथेच पायरीवर बसले, फाईल मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. अग्निरोधक कोटावर काट मारली. जाकिटावर मारली. हेडमास्तरांचं पहाटे उठणं गेलं. "अहो, तो बोध होता!" हेडमास्तर वर्तमानपत्राआडून म्हणाले, पण बाबा थांबले नाहीत. टूथब्रशसुद्धा गेला. प्रत्येक काटेशेजारी ते छोटी सही करत होते, कारण सहीशिवाय खाडाखोड ग्राह्य नाही. भिंगरी बाजूला बसून सह्या बघत होती. पत्रांची पिशवी तेवढी उरली.

"आणि उणीव?" बाबांनी विचारलं. 'कामात झोकून देतो' यावरही त्यांनी काट मारली होती. "काय लिहू?"

भिंगरीने फक्त पाठीमागचं चित्र उलटून दाखवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. शब्द म्हणजे शब्द. आइस्क्रीम खाल्लेलं होतं. बाबांनी हळूच उसासा टाकला आणि लिहिलं: 'उजवं-डावं कळत नाही.' ढब्बूचंच तर आहे, आपलं कुठे नाव आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

एव्हाना भिंगरीची आई लॅबमधून घरी येऊन, घरात कुणी नाही म्हणून शोधत वर आली होती. डॉक्टरही आतल्या खोलीतून बाहेर आले होते. "आता सगळे आतच या," ताई वैतागून म्हणाली. "तुमच्या सावल्या पडतायत ड्रॅगनवर." तेव्हा बिल्डिंगमधली सगळी प्रतिष्ठित मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

"गुहेत दोन वाटा फुटतात," ताई म्हणाली. "आतून म्हातारा राजा ओरडतो, उजवीकडे या, उजवीकडे! डावीकडे चिखलाचा खड्डा आहे. ढब्बू, तू पुढे आहेस. पण तुला उजवं-डावं कळत नाही. बरोबर?"

"बरोबर," भिंगरी म्हणाली आणि फाशाकडे हात नेला.

"ए, असं नाही चालणार," चष्मेवाला म्हणाला. "ही खोटी उणीव आहे. एवढ्या मोठ्या अस्वलाला उजवं-डावं कळतंच. छोट्यांना कळत नाही फक्त. ही छोटी आहे म्हणून तिने लिहिलं. म्हणजे ही परत कच्चं लिंबूच."

"खरंय," एक जुळं म्हणालं. "मोठं कुणी असं नसतं."

ताई विचारात पडली. भिंगरीचं तोंड लालबुंद झालं. तिच्याकडे पुरावा होता, जिवंत, भिंतीला टेकून उभा. तिने त्या पुराव्याकडे एकदा बघितलं, मग ओठ घट्ट मिटून घेतले आणि फाशावरचा हात मागे घेतला.

बाबांनी भिंतीजवळच्या मंडळींकडे पाहिलं. इकडे हेडमास्तर, तिकडे डॉक्टर, मधे बायको. ही सगळी माणसं उद्या जिन्यात भेटणार होती, परवाही भेटणार होती. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये सुरक्षेवर भाषण करायचा मान कायम त्यांचा असे. त्यांनी घसा खाकरला.

"असतं," ते म्हणाले. "मोठं कुणीतरी असं असतं. मला कळत नाही."

"काय कळत नाही?" हेडमास्तरांनी विचारलं.

"उजवं-डावं. लिहून बघितल्याशिवाय." आणि नुसतं बोलून कुणाचा विश्वास बसणार नाही हे धंद्यामुळे माहीत असल्याने बाबांनी सर्वांदेखत हात वर करून हवेत एक 'अ' काढून दाखवला. "हा उजवा. आता कळलं. तोवर नाही कळत."

मग चष्मेवाल्याने चष्मा सावरून बाबांना नखशिखांत न्याहाळलं. "एवढे मोठे आहात, तरी?" त्याने आदराने विचारलं.

"तरी," बाबा म्हणाले.

"मग चालेल," चष्मेवाला म्हणाला. आणि त्याच वेळी भिंतीपासून भिंगरीच्या आईचा आवाज आला.

"म्हणजे कार्ब्युरेटर!" ती म्हणाली. "अहो! म्हणजे तो कार्ब्युरेटर!" तिला पुढे बोलवेना. ती हसत हसत भिंतीवरून घसरून खालीच बसली. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण तेही हसू लागले, आणि हेडमास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते वर्तमानपत्र बराच वेळ गदगदा हलत होतं. बाबा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. ऑफिसच्या अठरा वर्षांत कमावलेली अब्रू अशी एका 'अ'पायी गेली.

भिंगरी मात्र हसत नव्हती. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून फासा उचलला, डोळे मिटले, ओंजळ कानाशी नेऊन खुळखुळवली आणि सोडून दिली. फासा टेबलभर गडगडला, पाण्याच्या पेल्याला धडकला आणि थांबला. एक. त्याहून वाईट आकडा फाशावर नव्हताच.

"ढब्बू ऐटीत डावीकडे वळतो," ताई म्हणाली, "आणि धप्पकन चिखलात! गळ्यापर्यंत! पत्रं उडाली, पिशवी उडाली! बाकीचे, पळा! दोर नाही तुमच्याकडे! फासे टाका, नाहीतर गेलं अस्वल!"

सगळी खुर्च्यांवर उभी राहिली. योद्ध्याने फासा टाकला, ढब्बूचा कान धरून ओढलं, तोही आत पडला. जादूगाराचा मंत्र उलटा लागला, चिखल वाढला. चष्मेवाला डोक्याला हात लावून ओरडला, "हिच्यामुळे! सगळं हिच्यामुळे! हिच्यामुळे आपण सगळे अडकलो!"

ही तक्रार ऐकली मात्र, भिंगरीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. ती खुर्चीवर चढली, वळली आणि भिंतीजवळच्या आपल्या बाबांना शोधून जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा! मी पडले!"

कुणी पडलं की बाबांचे प्रश्न ठरलेले असत. कुठे, कसं, चूक कुणाची, साक्षीदार कोण. या खेपेला त्यातला एकही त्यांना आठवला नाही.

"लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

"खूप!" भिंगरी आनंदाने म्हणाली, आणि पुन्हा फाशाकडे वळली.